एआयचं नियमन आणि सरकारी तांत्रिक संस्था

एआयवर कायदा करणं हे सरकारचं एक काम, आणि ते एआय खरंच नीट चालतं का हे मोजणं हे दुसरं. हे दुसरं काम तांत्रिक संस्था करतात, म्हणजे मानकं ठरवणं, चाचण्या घेणं, धोके शोधणं. आपल्याकडे कापसाच्या वजनकाट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो ना, शेतकऱ्याला काट्याच्या आतलं काही कळत नाही पण कोणीतरी प्रमाण वजन ठेवून तपासलंय एवढा भरवसा मिळतो. एआयमध्ये पंचाईत ही की प्रमाण वजनच आधी तयार करावं लागतं, 'भेदभाव नको' असं लिहून टाकलं तरी भेदभाव मोजायचा कशाने?

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेचं. डिसेंबर 2019 मध्ये त्यांनी चेहरा ओळखणारे 189 अल्गोरिदम तपासले, तर बऱ्याच अल्गोरिदममध्ये आशियाई आणि आफ्रिकन-अमेरिकन चेहऱ्यांची चुकीची जुळणी, म्हणजे दोन वेगळ्या माणसांना एकच समजणं, गोऱ्यांपेक्षा 10 ते 100 पट जास्त निघाली, पण आशियात बनलेल्या काहींमध्ये आशियाई चेहऱ्यांबाबत एवढा फरक नव्हता. म्हणजे शिकवताना कोणाचे फोटो दिले यावर बरंच अवलंबून असावं. निस्टला कोणाला दंड करता येत नाही, जानेवारी 2023 ची त्यांची जोखीम व्यवस्थापन चौकटही ऐच्छिकच आहे, तरी असा आकडा समोर आला की कंपनीला उडवून लावता येत नाही. ब्रिटननेही नोव्हेंबर 2023 मध्ये मोठी एआय मॉडेल्स तपासायला वेगळी संस्था काढली.

भारतात हे काम वाटलेलं आहे. दूरसंचार खात्याच्या टीईसी या तांत्रिक केंद्राने जुलै 2023 मध्ये एआयचा निःपक्षपातीपणा तपासायचं मानक काढलं, तेही ऐच्छिक. सायबर धोक्यांचं सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था बघते, जानेवारी 2025 मध्ये एआय सेफ्टी इन्स्टिट्यूट जाहीर झाली, ती एका इमारतीत नाही तर वेगवेगळ्या शिक्षणसंस्थांना जोडून काम करणार.

खान्देशात हा विषय लांबचा अजिबात नाही. देशातलं पहिलं आधार 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आता अंगणवाडीत घरी न्यायचा आहार देताना सेविका मोबाईल आईच्या तोंडासमोर धरते, डोळ्यांची उघडझाप करायला सांगते, चेहरा जुळला की नोंद होते. मग मोजायला हवं ते हे, की खरी लाभार्थी असून किती जणींना मशीनने नाही म्हटलं, आणि सातपुड्यात, झोपडीच्या अंधुक उजेडात, साध्या मोबाईलवर तो आकडा किती होतो. दिल्लीतल्या लॅबमध्ये पास झालेलं धडगावला पास होईलच असं धरून चालणं मला पटत नाही.

भाषेचंही तेच. सरकारच्या भाषिणी या भाषांतर उपक्रमाचा मुख्य भर आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांवर, त्यात अहिराणी नाही. आदिवासी भाषांसाठी 2025 मध्ये आलेल्या आदिवाणी या सरकारी भाषांतर अ‍ॅपमध्ये भिली आहे पण ती मध्य प्रदेशातली धरून, आणि आपल्याकडे तर भिली बोली गावागणिक बदलते. अमळनेरचा शेतकरी मोबाईलला 'पैसा काब्र नही उनात?' (पैसे का आले नाहीत?) असं विचारणार, त्यातलं 'काब्र' म्हणजे 'का' हे मशीनला कळतं का ते बघायला आधी अहिराणीतले खरे आवाज, बायांचे, म्हाताऱ्यांचे, बाजाराच्या गलक्यातले, चाचणीच्या संचात असावे लागतात.