दोन गोळ्यांचा हिशेब

सोलापुरात पूर्व भागातल्या एखाद्या मेडिकलवर संध्याकाळी कारखान्याची पाळी सुटायच्या वेळी उभं राहावं. खिशातून रिकामी स्ट्रिप निघते. "मालक, ह्यातल्या दोन द्या." दुकानदार अँटिबायोटिकची नवी स्ट्रिप काढून कात्रीने दोन गोळ्या कापतो. डॉक्टरची चिठ्ठी नाही, बिल नाही. औषधाचं नाव बहुतेक वेळा उरलेल्या तुकड्यावरच राहतं.

हा व्यवहार मोजायचा कसा? अँटिबायोटिकचा खप मोजण्याची रीत जुनी आहे. प्रत्येक औषधाची एक ठरीव दैनंदिन मात्रा धरायची, ही पद्धत १९७०च्या दशकात नॉर्वेत आकाराला आली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने उचलली. ॲझिथ्रोमायसिनची ही मात्रा ०.३ ग्रॅम. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्यांची स्ट्रिप विकली गेली की हिशेबात पाच दिवसांचं औषध पडतं. पण ती एकाने पूर्ण घेतली की तिघांनी एकेक, हे त्या आकड्यात दिसत नाही.

१९९३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची चिठ्ठ्या तपासायची पुस्तिका आली: किमान २० केंद्रं, ६०० रुग्ण, आणि त्यातल्या किती जणांना अँटिबायोटिक लिहिलं याची टक्केवारी. स्वस्त आणि सोपं काम. सिव्हिलच्या केसपेपरवर ते चालेल. कात्रीने कापलेल्या दोन गोळ्यांपर्यंत मात्र पोचणार नाही.

मग अँटिबायोटिक किती यापलीकडे ते 'का' लिहिलं जातं, याचा शोध सुरू झाला. १९९९ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विषाणूजन्य आजारात, म्हणजे जिथे अँटिबायोटिकचा उपयोग नसतो तिथेही, आईबापांना अँटिबायोटिक हवंय असं डॉक्टरला वाटलं तर ६२ टक्के वेळा ते लिहिलं गेलं. तसं वाटलं नाही तर अवघं ७ टक्के. गंमत अशी की आईबापांना खरोखर काय हवंय, यावर काही ठरत नव्हतं. ठरत होतं ते डॉक्टरच्या अंदाजावर.

आपल्याकडे १ मार्च २०१४पासून औषधविक्रीच्या नियमांत 'शेड्यूल एच-वन' ही नवी यादी लागू झाली. त्या यादीतलं औषध विकलं की डॉक्टर, रुग्ण आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहायची, वही तीन वर्षं जपायची. मोजणाऱ्याला आयती वही! पण सेफिक्झिम त्या यादीत आलं, ॲझिथ्रोमायसिन जुन्या 'एच' यादीतच राहिलं, म्हणजे या वहीबाहेर.

लोक अँटिबायोटिक का घेतात हे शोधणाऱ्या अभ्यासांतल्या प्रश्नावल्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. 'अँटिबायोटिक विषाणूवर चालतं का?' असं विचारलं की उत्तर चुकतं आणि अहवालात 'अज्ञान' हा घटक ठळक होतो. विडी कामगार बाईला मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. दवाखान्याच्या रांगेत गेलेल्या सकाळी किती विड्या वळायच्या राहिल्या, हा रकाना मला प्रश्नावलीत हवा आहे. आणि दुकानदारालाही विचारावं: परवा नाही म्हटलेलं गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलं का?