एकट्या लोहाराचा घण : घरी बांधलेल्या पॉवर हॅमरची पार्श्वभूमी

लोहारकामाला मुळात दोन माणसे लागतात. एक जण तापलेले लोखंड सांडशीत धरून ऐरणीवर फिरवत राहतो आणि हातातल्या लहान हातोडीने घाव कुठे हवा ते दाखवतो. दुसरा तिथेच घण घालतो. हातोडी लोखंडाऐवजी नुसत्या ऐरणीवर टणटणली, की घण थांबवायचा. रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेले घिसाडी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना आठवेल, की त्यांच्यात सांडशी नवऱ्याच्या हातात असते आणि घण बऱ्याचदा बायकोच्या.

हौशी लोहाराची पंचाईत इथेच होते. रविवारी दुपारी घरामागच्या शेडमध्ये भट्टी पेटवली, तर घण घालायला कोण येणार? पातळ पट्टी वाकवायची असेल तर एकट्याचे भागते. दीड इंची सळई लांबवायची असेल, तर लोखंड लाल आहे तेवढ्या वेळात एका हाताने जेवढे होईल तेवढेच, मग पुन्हा भट्टी. खांदा आणि कोपर किती वर्षे साथ देणार, हा हिशेब वेगळाच. अमेरिकेत गेल्या तीस-चाळीस वर्षांत कितीतरी हौशी लोकांनी भंगारातून घरच्या घरी पॉवर हॅमर, म्हणजे यंत्राने चालणारे घण, बांधले, ते या अडचणीपोटी. यंत्र म्हणून त्यांतला जवळजवळ प्रत्येक भाग जुनाच आहे आणि त्याची वंशावळ बरीच मागे जाते.

घणामागे माणसाऐवजी दुसरे काही जुंपायची कल्पना धान्य कांडताना सुचलेली दिसते. चीनमध्ये इ. स. २०च्या सुमारास हुआन तान याने लिहून ठेवले आहे, की आधी उखळ-मुसळ आले. पुढे हाताऐवजी सगळ्या अंगाचा भार देऊन पायाने चालवायचे मुसळ निघाले आणि काम दसपट झाले. मग त्याला गाढवे, खेचरे, बैल, घोडे लावले, पाणीही लावले, आणि लाभ शंभरपट झाला. आकडे अर्थातच बोलण्याच्या भरातले आहेत. पण रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे : मधे टेकवलेला लांब दांडा, एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकावर दाब.

युरोपात मध्ययुगात हाच दांडा पाणचक्कीला जोडून लोखंडावर आणला गेला. चक्कीच्या आसावर खुंट्या बसवायच्या. आस फिरला की खुंटी दांड्याची शेपटी दाबते, डोके वर जाते. खुंटी निसटली की डोके आपटते. इंग्लंडमध्ये शेफील्डजवळ अ‍ॅबीडेल इथे १७८५ सालचे असे घण आजही जागेवर पाहायला मिळतात. त्यांच्याखाली गवत कापायचे लांब कोयते घडत. डेव्हनमधल्या स्टिकलपाथ गावची फिंच फाउंड्री तर १८१४ पासून थेट १९६० पर्यंत ओढ्याच्या पाण्यावर विळे, कोयते, फावडी काढत होती. म्हणजे माणूस अंतराळात जायच्या आदल्या वर्षापर्यंत!

ज्याच्या दाराशी ओढा नाही त्याचे काय? इंग्लंडच्या ब्लॅक कंट्री भागात खिळे, बोल्ट आणि साखळ्या करणाऱ्यांनी त्यावर ‘ऑलिव्हर’ नावाचा घण वापरला. खाली पायाने दाबायची फळी आणि वर ताणून बांधलेली लवचीक काठी. पाय दाबला की घण पडतो, सोडला की काठी त्याला वर ओढून घेते. हात दोन्ही मोकळे. याच टापूतल्या क्रॅडली हीथच्या बायका घरामागच्या भट्टीवर साखळ्या घडवत आणि १९१० साली किमान मजुरीसाठी त्यांनी केलेला संप गाजला. आजच्या हौशी लोहारांचा पायाने चालवायचा ट्रेडल हॅमर हा या ऑलिव्हरचा सख्खा नातू शोभेल. त्याला वीज लागत नाही, आवाजही कमी. पण दमायला होते, आणि सगळा खटाटोप दमू नये म्हणून तर चाललेला.

यानंतर कोणत्याही इतिहासात जेम्स नॅस्मिथ हा स्कॉटिश इंजिनियर येतोच. ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजाच्या बाजूच्या चाकांसाठी एवढा जाड आस हवा होता, की तो घडवेल असा घण कुणाकडेच नव्हता. नॅस्मिथने २४ नोव्हेंबर १८३९ रोजी वाफेच्या घणाचे चित्र वहीत काढले. पुढे जहाजाला बाजूच्या चाकांऐवजी मागे पंखा लावायचे ठरले आणि त्या आसाची गरजच उरली नाही. १८४२ मध्ये फ्रान्समधल्या ल क्रझो इथे गेल्यावर त्याला दिसले, की त्याच कल्पनेचा घण तिथल्या फ्रांस्वा बुर्दों या इंजिनियरने आधीच उभारून चालवलाय. त्याच वर्षी त्याने इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. कल्पना कोणाची, हा वाद पुढे बराच चालला. १८७७ मध्ये क्रझोच्या कारखान्यात शंभर टनी घण उभा राहिला. तो आता गावाच्या वेशीवर स्मारकासारखा उभा आहे.

माझ्या मते आपल्या विषयापुरते नॅस्मिथला जरा जास्तच श्रेय दिले जाते. वाफेचा घण बॉयलरसकट कारखान्यातच शोभायचा. गावच्या लोहाराला तो काय कामाचा? पण त्याच्या एका प्रात्यक्षिकाचा इथे संबंध आहे. वाइनच्या ग्लासात अंडे ठेवून त्या अवाढव्य घणाने अंड्याचे कवच तेवढे तडकवायचे, ग्लासला धक्का लावायचा नाही, असा तो खेळ होता. घणाची खरी परीक्षा हलक्या घावात होते, हे तेव्हापासूनचे.

हौशी लोहाराच्या यंत्राचे खरे मूळ अमेरिकेत, आणि तेही शेतीत आहे. मध्य-पश्चिमेच्या गवताळ प्रदेशात नांगराचे फाळ सतत झिजत आणि शेतकरी ते शेवटून घ्यायला लोहाराकडे रांग लावत. आपल्याकडे पेरणीच्या तोंडावर लोहाराच्या दारात असते तशीच. जाड फाळाची धार ठोकून बाहेर काढणे हे घण घालणाऱ्याचे काम, आणि त्या विरळ वस्तीत मजूर महाग. मिनेसोटातल्या मॅन्केटो गावच्या मेयर बंधूंनी १८९०च्या दशकात ‘लिटल जायंट’ हॅमर काढला तो या गिऱ्हाइकासाठी. २५ पौंडांपासून ५०० पौंडांपर्यंत त्याची मापे होती. २५ पौंड म्हणजे वरखाली होणारा ठोकळा, ज्याला रॅम म्हणतात, तो सुमारे ११ किलोचा. सिराक्यूसची ब्रॅडली कंपनी तशीच, फक्त तिच्या हॅमरला लाकडी दांडा आणि रबराच्या गाद्या असत.

रबर किंवा स्प्रिंग कशासाठी, हे कळले की घरगुती हॅमरचे निम्मे कोडे सुटते. मोटरच्या चाकाला नुसता कडक दांडा जोडून रॅम वरखाली करता येईल, पण तो दर फेऱ्याला ठरावीक उंचीपर्यंतच खाली येईल. मधे त्याहून जाड लोखंड आले तर चाकाला थांबता येत नाही, लोखंडाला हटता येत नाही, आणि काहीतरी तुटते. मधे स्प्रिंग असली तर दोन गोष्टी होतात. जाडी कितीही असो, स्प्रिंग ती जिरवते; आणि फेऱ्याच्या शेवटी रॅमला चाबकासारखा झटका देऊन घाव नुसत्या वजनाहून जोरात बसवते. लिटल जायंटमध्ये हे काम आडवी गुंडाळी-स्प्रिंग आणि तिला जोडलेले दोन वाकडे हात करतात. घरी बांधणाऱ्यांनी पुढे त्याच जागी ट्रकचा पाटा, म्हणजे चाकांवरची पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, आणला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर सर्वत्र झाले, फाळ बदलून टाकायचे आले, वेल्डिंग आले, आणि गावच्या दुकानातला हॅमर कोपऱ्यात पडला. बरेच भंगारात गेले. तेवढ्यात लोहारकाम पोटापाण्याऐवजी कला म्हणून परतले. १९७३ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या लंपकिन इथे उत्तर अमेरिकेतल्या कलावंत-लोहारांची संघटना, अबाना, स्थापन झाली. १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये तशीच निघाली. त्याच १९७३ साली बिल मोरन या चाकू घडवणाऱ्याने कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात दमास्कस पोलादाचे चाकू मांडले आणि चाकू करणाऱ्यांना वेडच लागले. हे दमास्कस म्हणजे दोन जातींच्या पोलादाचे थर जोडून, लांबवून, दुमडून पुन्हा जोडलेले. (दक्षिण भारतातल्या मुशीत वितळवून केलेल्या वूट्झ पोलादापासून घडवलेल्या जुन्या दमास्कस तलवारींशी याचे नाते नावापुरते आणि लहरींपुरते.) थरांचा गठ्ठा दर वेळी दुप्पट लांबवायचा हे हातोडीने करणाऱ्याला विचारावे. हॅमरची गरज अशी पुन्हा वाढली, तेव्हा जुने लिटल जायंट मोजकेच उरले होते. त्यांचे भाव चढले, आणि मिळाला तरी त्याची वितळलेला बॅबिट धातू ओतून केलेली बेअरिंग नव्याने ओतायची तयारी हवी.

मग लोकांनी आपापल्या भंगाराकडे पाहिले. ‘रस्टी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत मधे टेकवलेला ट्रकचा पाटा हाच दांडा. एका टोकाला रॅम, दुसरे टोक मोटरने हलवायचे. म्हणजे चिनी मुसळच, फक्त दांडा लवचीक. हे सगळ्यात स्वस्त. मात्र थकलेला पाटा चालू यंत्रात तुटला तर तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही; म्हणून त्याच्याभोवती जाड जाळी लागतेच, आणि ती कंटाळून न लावणारे महाभागही असतात.

दुसरी वाट हवेची. जर्मनीची बेशे, इंग्लंडची मॅसी, फिलाडेल्फियाची नाझेल या कंपन्यांचे हवेचे हॅमर अप्रतिम, पण त्यांत हवा दाबणारा पिस्टन यंत्रातच असतो आणि ते घरी ओतणे-घासणे अशक्य. रॉन किन्यन याच्या साध्या हवाई हॅमरच्या आराखड्याने ही गाठ सोडवली. कारखान्यांत सर्रास मिळणारा हवेचा सिलिंडर, दिशा बदलणारा तयार व्हॉल्व्ह आणि एक कॉम्प्रेसर. रॅम वर पोचला की व्हॉल्व्ह उलटतो, खाली गेला की पुन्हा उलटतो. पायातल्या पट्टीने हवा कमीजास्त करायची. लेथ नसलेल्या माणसालाही हे जोडता येते. खोट एकच, कॉम्प्रेसर मोठा हवा, आणि तो हॅमरहून महाग पडू शकतो.

तिसरी रचना मला सर्वांत हुशारीची वाटते. अमेरिकी गाड्यांत १९८०च्या दशकात पूर्ण आकाराच्या स्टेपनीऐवजी अरुंद, तात्पुरते चाक देण्याची पद्धत रूढ झाली, आणि भंगारवाल्यांकडे अशा जवळजवळ न वापरलेल्या चाकांचा ढीग साचला. (‘स्टेपनी’ हा आपला शब्द वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला, जादा चाक विकायचा धंदा १९०४ मध्ये तिथे सुरू झाला होता.) टायर हॅमरमध्ये हे चाक आडव्या आसावर, उभ्या खांबाच्या माथ्याशी बसवतात. एखाद्या अश्वशक्तीची मोटर लहान पुलीसकट बिजागरीवर झुलती ठेवायची. पायपट्टी दाबली की पुली टायरला घासते. हळू दाबले तर पुली घसरत चाक सावकाश फिरवते आणि घाव हलका पडतो; जोरात दाबले तर घट्ट चिकटते. क्लच, फ्लायव्हील आणि क्रँकची तबकडी, तिन्ही कामे एकट्या टायरवर. नॅस्मिथचे अंडे इथे रबराच्या घसरण्यावर साधते. अबानाचे माजी अध्यक्ष क्ले स्पेन्सर यांनी या प्रकाराचा ५० पौंडी, म्हणजे सुमारे २३ किलोच्या रॅमचा आराखडा काढला आणि तोच सर्वाधिक पसरला.

घरगुती हॅमर फसतो तो बहुधा खालच्या बाजूला. रॅम कितीही जोरात आला, तरी खालची ऐरण हलकी असेल तर घाव लोखंडात न जाता जमिनीत जातो. ऐरण रॅमच्या निदान दसपट जड हवी, पंधरापट असेल तर उत्तम. म्हणजे २३ किलोच्या रॅमला सव्वादोनशे ते साडेतीनशे किलो पोलाद. खाली काँक्रीट ओतून हे वजन भरून निघत नाही, ते घावाखालीच सलग लागते. एवढ्या जाडीचा भरीव शाफ्ट भंगारात मिळणे हे नशीब. नाही तर पाट्या किंवा गज उभे बांधून वेल्ड करतात. मोटर दुप्पट करण्यापेक्षा इथे पैसे घालणारा शहाणा.

आपल्याकडे हे यंत्र हौसेपायी आले नाही. लुधियाना, बटाला, राजकोट इथले कारखाने पाट्याच्या स्प्रिंगचे हॅमर कितीतरी वर्षे विकत आहेत आणि कुऱ्हाडी, कुदळी, विळे करणाऱ्यांच्या दुकानांत ते रोज धडधडतात. बलुतेदारीतून सुटलेल्या लोहाराच्या पोराला घण कधी सुटतो असे होते. पैसे खर्चून तो विकत घेणाऱ्या इंजिनियरचे त्याला हसू येत असेल. ट्रकचा पाटा दोघांनाही हवा असतो. गावचा लोहार त्याचा ऊसतोडीचा कोयता करतो, तर अमेरिकेतल्या शेडमध्ये तो घणाचा दांडा होतो.

स्पेन्सर यांचे हॅमर बहुतेक वेळा एकेकट्याने बांधले गेलेले नाहीत. वेगवेगळ्या राज्यांतल्या लोहार-मंडळांनी त्यासाठी शनिवार-रविवारची शिबिरे भरवली. डझन-दोन डझन माणसे जमायची. कोणी दिवसभर नुसत्या पट्ट्या कापायचा, कोणी भोके पाडायचा, कोणी सगळ्यांचे खांब वेल्ड करायचा. रविवारी संध्याकाळी प्रत्येक जण आपला हॅमर क्रेनने उचलून पिकअपमध्ये ठेवायचा आणि जाड पट्ट्यांनी आवळून घरी न्यायचा.