इंदूरची ‘सीईटी’ म्हणजे नेमकी कोणती?

बारावीचा निकाल लागला की इंदूरच्या मराठी घरांत पुण्याहून फोन येतोच : “सीईटी दिली ना?” मावशीच्या डोक्यात महाराष्ट्राची इंजिनिअरिंगची परीक्षा असते, वडिलांच्या डोक्यात खंडवा रोडवरच्या इंदूर विद्यापीठाची प्रवेश परीक्षा आणि मुलीने दिलेली असते ती तिसरीच. शब्द मात्र तिघांच्याही तोंडी एकच.

होळकर कॉलेज 1891 चं, पण शहराला स्वतःचं विद्यापीठ मिळालं 1964 मध्ये. त्याआधी इथल्या पदवीवर काही काळ आग्र्याचं आणि मग उज्जैनचं नाव असे. ते जाऊ द्या. खरा गुंता नंतरचा. इथे कॉलेजं वेगळी आणि विद्यापीठाचे स्वतःचे विभाग, म्हणजे यूटीडी, वेगळे. कॉलेजात बीए, बीकॉम, बीएस्सीला बारावीच्या मार्कांवर, सरकारी ई-प्रवेश पोर्टलवरून नंबर लागतो. इंटिग्रेटेड एमबीएसारखे बारावीनंतरचे पाच वर्षांचे कोर्स विभागांत. त्यांच्यासाठी विद्यापीठ स्वतःची सीईटी घ्यायचं. वडिलांच्या डोक्यातली ती हीच.

जून 2019 मध्ये ती ऑनलाइन घेतली आणि पार फसली. लगेच राज्य सरकारने विद्यापीठाचा कारभार ताब्यात घेणारं कलम 52 लावलं, कुलगुरू गेले, परीक्षा रद्द झाली आणि प्रवेश मार्कांवर आले. परीक्षा हे निमित्त, खरं भांडण भोपाळमधलं, असं म्हणणारे आजही भेटतात. असेलही. पण सेंटरबाहेर उन्हात उभ्या पालकांना भोपाळशी काय देणंघेणं होतं? एका फसलेल्या परीक्षेसाठी अख्खं विद्यापीठच ताब्यात घेणं मला तेव्हाही जास्त वाटलं होतं. सीईटीची पत गेली ती त्या आठवड्यात. पुढच्या वर्षी कोविड, म्हणून परत मार्क. 2021 मध्ये परीक्षा केंद्रीय एजन्सीकडे सोपवली आणि 2022 पासून विभागांतल्या या कोर्ससाठी थेट सीयूईटी, म्हणजे देशभरातल्या विद्यापीठांची एकच प्रवेश परीक्षा आली. लोक तिलाही सीईटीच म्हणतात.

विभागांच्या आणि कॉलेजांच्या प्रवेशात फरक अवघडपणाचा कमी, तारखांचा जास्त. 2025 मध्ये सीयूईटीचे फॉर्म मार्चमध्ये भरायचे होते आणि एमपी बोर्डाचा निकाल लागला 6 मे रोजी. निकाल पाहून ठरवू म्हणणाऱ्यांच्या हातून विभाग तिथेच निसटले. कॉलेजांचं तसं नाही. तिथे निकालानंतर फेऱ्या असतात आणि शेवटी सीएलसी, म्हणजे उरलेल्या जागांसाठी कॉलेज पातळीवरची फेरी, असतेच. इंदूरजवळच्या राऊच्या आयआयएमचा 2011 पासूनचा पाच वर्षांचा कोर्स या सगळ्याच्या बाहेर, त्याची परीक्षा त्यांची त्यांची.

2021-22 पासून पदवीला मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय) आणि चौथं वर्ष आलं. चौथं वर्ष ऐच्छिक आहे : तीन वर्षांत पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. “म्हणजे बीए आता चार वर्षांचं?” हा प्रश्न मात्र अजून थांबलेला नाही.

सीयूईटीचा पेपर मराठीतूनही मागता येतो, हे ऐकून आजी-आजोबा खूश होतात. इंदूरच्या रामबागेतला नातू घरी शुद्ध मराठी बोलतो, पण शाळेत हिंदी माध्यमातून शिकलेला. अपूर्णांकाच्या खालच्या आकड्याला तो ‘हर’ म्हणतो. मराठी पेपरात ‘छेद’ दिसला की पेन तिथेच थांबतो. फॉर्ममध्ये तो हिंदीच निवडतो.