अजिंठ्याचा गाईड वेगळा, वेरूळचा वेगळा

आमच्या बुलढाण्याकडच्या चिखली भागात कुणी दिवाळीच्या सुट्टीत अजिंठ्याला जाऊन आलं, की पहिला प्रश्न ठरलेला: "मग, ते कैलास लेणं पाह्यलं का?" कैलास लेणं वेरूळला आहे. वेरूळहून आलेल्याला विचारतात, "चित्रं कशी आहेत?" चित्रं अजिंठ्याची. 'अजिंठा-वेरूळ' हा जोडशब्द शाळेपासून एका दमात म्हणत आल्यामुळे एकाच डोंगराच्या त्या दोन बाजू असाव्यात असं वाटत राहतं. प्रत्यक्षात छत्रपती संभाजीनगरपासून अजिंठा शंभरेक किलोमीटर आहे आणि वेरूळ दुसऱ्याच दिशेला तीसेक किलोमीटर.

नावांच्या गोंधळाने फार बिघडत नाही. बिघडतं ते दोन्ही ठिकाणी सारख्याच पद्धतीने गेल्यावर. तीच घाई, तोच एक तास, आणि गाईडला तेच वाक्य: "चला, दाखवा काय काय आहे ते." मी दोन्ही ठिकाणी दोन-दोनदा गेले आहे, लेकरं आणि आई सोबत घेऊन. पहिल्या खेपेला दोन्हीकडे पैसे गेले आणि फारसं काही हाती लागलं नाही. दुसऱ्या खेपेला कळलं की अजिंठ्यात आणि वेरूळात गाईडकडून मागायच्या गोष्टीच निराळ्या आहेत.

अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर, कड्याच्या पोटात ओळीने कोरली आहेत. एकूण ३०, सगळी बौद्ध. सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, पण आपण ज्या चित्रांसाठी जातो ती बहुतेक पाचव्या शतकातली. लेण्यांचे आकडे जागेच्या क्रमाने पडले आहेत, वयाच्या नाही. पहिलं लेणं सर्वांत जुनं, असं लेकरांना सांगून टाकू नका. जुनी आहेत ती ९ आणि १०.

आता गर्दीचं बघा. फाट्यावर गाड्या थांबतात, तिथून शटल बसने चार किलोमीटर आत जायचं, तिकीट काढून पायऱ्या चढायच्या. चढून आलेला प्रत्येक माणूस दमलेला असतो आणि समोर दिसणाऱ्या पहिल्या लेण्यात शिरतो. शाळेच्या सहली, आमच्यासारखी क्रूझर करून आलेली कुटुंबं, सगळे तिथेच. चपला बाहेर काढायच्या, आत अंधार, उजेड मुद्दाम मंद ठेवलेला, पहारेकरी "पुढे चला, पुढे चला" म्हणत असतो. उन्हातून आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायलाच दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात रांग तुम्हाला बाहेर काढते. पहिल्या खेपेला आमचं हेच झालं. आई बाहेर येऊन म्हणाली, "काई दिसलंच नाई."

उजेड कमी आणि माणसं मोजून सोडणं यामागचं कारण भिंतीतच आहे. ही चित्रं दगडावर काढलेली नाहीत. दगडावर मातीचा गिलावा, त्यात साळीचा कोंडा, गवत, झाडांचे तंतू. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. लाल आणि पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, निळा दूर अफगाणिस्तानाकडून येणाऱ्या लाजवर्द दगडाचा. इतक्या नाजूक थराला माणसांच्या श्वासाचा ओलावासुद्धा बाधतो. दुसऱ्या खेपेला गाईडने एका ठिकाणी रंग उडालेली कडा दाखवली. गिलाव्यातून काडी डोकावत होती. आई वाकून बघत म्हणाली, "हे त आपल्या जुन्या घराचीच भीत होय." तिने आयुष्यभर अशाच भिंती सारवल्या आहेत. त्या क्षणापासून ती चित्रांकडे वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागली.

म्हणून अजिंठ्यात गाईडकडून मागायची ती गोष्ट, आणि तीही बाहेर. आमच्या दुसऱ्या गाईडने पहिल्या लेण्याच्या बाहेर सावलीत सगळ्यांना बसवलं आणि महाजनक राजाची जातककथा, म्हणजे बुद्धाच्या मागच्या जन्माची गोष्ट, सांगितली: राज्य मिळालं, राणी मिळाली, तरी घोड्यावर बसून वेशीबाहेर पडलेला राजा. पाच-सहा मिनिटांत गोष्ट संपली. मग आत गेल्यावर त्याने फक्त डाव्या भिंतीकडे बोट केलं. आठ वर्षांच्या भाच्याने स्वतः शोधून काढलं, "हा घोडा! हा दरवाजा!" ज्यांच्या गाईडने आत उभं राहून सगळं सांगायला घेतलं, त्यांची गोष्ट अर्ध्यात असतानाच पहारेकऱ्याने त्यांना पुढे काढलं.

आत गाईडने दाखवायच्या जागा मोजक्या असतात, पण त्या सांगितल्याशिवाय सापडत नाहीत. गाभाऱ्याच्या दाराला लागून डावीकडे पद्मपाणीचं चित्र, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरचा बोधिसत्त्व, हातात निळं कमळ, पापण्या खाली झुकलेल्या. एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांत मिळून डोकं एकच. कोणत्याही हरणाकडे बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. माझ्या लेकीला अख्ख्या सहलीतलं हेच सर्वांत जास्त आवडलं. आणि गाभाऱ्यातली बुद्धमूर्ती. गाईडने हातातली छोटी बॅटरी एका बाजूने धरली तेव्हा चेहरा गंभीर होता. दुसऱ्या बाजूने धरली तर ओठांच्या कडेला हसू. समोरून धरली आणि चेहरा नुसता शांत. मूर्ती तीच. आमच्यामागे उभी असलेली नागपूरकडची अनोळखी मंडळीही गप्प होऊन बघत राहिली.

जॉन स्मिथची हकीकत प्रत्येक गाईड सांगतो. १८१९ साली शिकारीला आलेल्या या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यात त्याने खांबावर आपलं नाव कोरलं. ऐकायला छान आहे, पण ती चालता चालता ऐकावी. चित्रासमोरची मोलाची मिनिटं तिच्यावर घालवू नयेत.

त्याऐवजी आपल्या गाईडला वाशिमबद्दल विचारा. अजिंठ्यातली उत्तम चित्रं हरिषेण या वाकाटक राजाच्या काळातली, आणि त्याच्या शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशिम. त्याचा मंत्री वराहदेव याने १६वं लेणं दान दिलं, तसा शिलालेख तिथेच आहे. आपल्याकडची माणसं अजिंठा 'तिकडचा' समजून बघतात. ते तितकंसं खरं नाही, आणि लेकरांना हे त्या जागी उभं राहून सांगण्यात निराळीच मजा आहे.

पायाने थकलेल्यांसाठी १, २, १६, १७ आणि २६ एवढी लेणी पुरेत. सतराव्यात जातककथांची नुसती गर्दी आहे. सव्विसाव्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाची, म्हणजे देह ठेवतानाची, आडवी, सात मीटर लांबीची मूर्ती. खाली रडणारे शिष्य, वर आनंदलेले देव. सकाळी पहिल्या शटलने पोचलात तर सरळ पहिल्या लेण्यात जा. उशीर झाला असेल तर गाईडला आधीच सांगा की सव्विसाव्यापासून सुरू करून उलट येऊ. ज्यांना हे जमतं ते गाईड लगेच "बरं" म्हणतात.

वेरूळचं सगळंच उलट. तिथे उजेड भरपूर, जागा मोकळी, चित्रांसारखं नाजूक काही नाही. अडचण विस्ताराची आहे. ३४ लेणी जवळपास दोन किलोमीटर पसरलेली: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. आणि फाटकातून आत गेलं की बरोबर समोर सोळावं, कैलास. सगळी गर्दी त्याच्यात शिरते, तासभर फोटो काढते आणि बाहेर पडून घृष्णेश्वराच्या दर्शनाला जाते. वेरूळ पाहिलं म्हणणाऱ्या दहांतल्या आठांनी एकच लेणं पाहिलेलं असतं, असं मी आमच्या ओळखीतल्यांवरून सांगू शकते.

पहिल्या खेपेला आम्हीही त्या आठांतलेच होतो. फाटकाजवळ एक जण आपणहून सोबत आला. ओळखपत्र मागायचं आम्हाला सुचलं नाही. पंचवीस मिनिटं तो सनावळ्या सांगत राहिला, मग म्हणाला, "बाकीच्यांत काही नाही, सगळं सारखंच आहे," आणि आम्हाला दगडी मूर्तींच्या एका दुकानात नेऊन सोडलं. अकरा वर्षांची लेक परतीच्या वाटेत म्हणाली, "आपण लेण्यांना आलो होतो ना?" त्या प्रश्नाचं मला अजून वाईट वाटतं.

वेरूळात गाईडकडून मागायची ती वाट. कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, काय सोडायचं. दुसऱ्या वेळी मान्यताप्राप्त ओळखपत्र गळ्यात असलेला गाईड घेतला आणि त्याला एवढंच सांगितलं: "आमच्याकडे तीन तास आहेत, आई जास्त चढू शकत नाही, तिन्ही धर्मांचं एकेक तरी चांगलं लेणं बघायचंय." त्याने आम्हाला आधी दहाव्या लेण्यात नेलं. लोक त्याला विश्वकर्मा किंवा सुतार लेणं म्हणतात. छताला दगडाच्या बरगड्या कोरल्या आहेत, लाकडी वाशांसारख्या. तिथे दगडाला वजन पेलायला वासे लागत नाहीत, तरी कोरले, कारण कारागिरांच्या डोळ्यांपुढे लाकडी इमारती होत्या. गाईडने ओळ गुणगुणली तेव्हा आवाज छतभर फिरून परत आला. लेकरांनी मग किती वेळा "ओ" केलं ते विचारू नका.

मग कैलास. इथे तो म्हणाला, "आत नंतर जाऊ, आधी वर बघा." वरून खाली कोरलेलं मंदिर आहे हे. पाया आधी आणि कळस शेवटी, असं नाही. कळस आधी, पाया शेवटी. जवळजवळ दोन लाख टन दगड काढला असावा असा अंदाज आहे. चुकलेला घाव परत भरता येत नाही. बाजूच्या टेकडीवरची वाट खुली असेल तर वरून नक्की बघा, मंडपाच्या छतावरचं कमळ आणि सिंह तिथूनच दिसतात. खाली चौथऱ्याला सगळीकडून हत्ती, जणू मंदिर पाठीवर घेतलेले. दक्षिणेच्या भिंतीवर रामायण, उत्तरेच्या भिंतीवर महाभारत, ओळी-ओळींनी. आणि दक्षिणेलाच खाली कैलास पर्वत हलवणारा रावण. लेकरांना आधी हा दाखवा.

आई खांबाला टेकून म्हणाली, "इतकं कोनं कोरलं असंन बाप्पा?" गाईडने त्यावर सांगितलं ते आमच्या कायमचं लक्षात राहिलं. बडोद्याला सापडलेल्या राष्ट्रकूटांच्या एका ताम्रपटात या मंदिराचं वर्णन आहे, आणि त्यात म्हटलंय की ते घडवणारा शिल्पीच ते बघून चकित झाला: हे माझ्या हातून कसं झालं! मंदिर ज्याच्या काळातलं तो राजा कृष्ण पहिला, आठव्या शतकातला. त्याचा शके ६९४, म्हणजे इ.स. ७७२ चा एक ताम्रपट आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या भांदकला सापडलेला आहे. म्हणजे अजिंठ्याचा धागा वाशिमला जातो तसा वेरूळचा भांदकला.

कैलास पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपार कलली की ऊन दर्शनी भागावर येतं. अजिंठ्याला पहाटे निघायचं आणि वेरूळला जरा उशिरा पोचलं तरी चालतं, हा फरक आई-आजीला सोबत नेताना फार उपयोगी पडतो. जैन लेणी थोडी लांब आहेत. चालवत नसेल तर वाहनाची चौकशी करा, पण ३२वं इंद्रसभा सोडू नका. तिथे गर्दी नसते. आम्ही वऱ्हांड्यात बराच वेळ नुसते बसून होतो.

गाईड ठरवताना दोन्हीकडे ओळखपत्र बघा, दर आणि वेळ आधी बोलून घ्या, मराठीत सांगणार का ते विचारा. अजिंठ्यात त्याला विचारा, "गोष्ट बाहेर सांगाल का?" वेरूळात विचारा, "कैलासशिवाय काय दाखवाल?" उत्तर अडखळलं तर दुसरा बघा. दोन-तीन कुटुंबांनी मिळून गाईड केला तर परवडतो, पण अजिंठ्यात घोळका मोठा झाला की आत बोट कुठे आहे तेच दिसत नाही. म्हणून तिथे आपला आपला घ्यावा. वेरूळच्या मोकळ्या अंगणात पंधरा माणसं असली तरी चालतं. फ्लॅश अजिंठ्यात कुणीही मारू नये, गाईड काही बोलला नाही तरी.

वारांचं लक्षात ठेवा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. एका दिवसात दोन्ही करू नका. मुक्कामाशिवाय जमत नसेल तर यंदा एक, पुढच्या वर्षी दुसरं. आपल्या पश्चिम विदर्भातून अजिंठा आधी लागतो, बुलढाण्याकडून तर दोनेक तासांत. नागपूर-वर्धा-अमरावतीकडच्यांना जळगावपर्यंत रेल्वे सोयीची, तिथून साठेक किलोमीटर. रविवारी अजिंठा करून सोमवारी वेरूळ असं ठरवलंत तर घृष्णेश्वराला सोमवारची गर्दी सापडेल, श्रावणात तर विचारूच नका. दर्शन सकाळी लवकर उरकून मग लेण्यांत जा. आम्ही यंदा सोयाबीन निघाल्यावर बुधवार-गुरुवार धरलाय. आईला पुन्हा त्या भिंतीतली काडी बघायचीय.