परवच्याची वेळ आणि क्लासची बॅच: पार्श्वभूमी

मुलाला शिकवणी लावावी का, कितवीपासून लावावी, आणि लावली तर घरच्या वळणाचं काय होणार, हे प्रश्न पालक हल्ली एका दमात विचारतात. सल्ला देणारेही ते एकत्रच घेतात. आधी क्लासची चौकशी, मग लगेच झोपेची वेळ, मोबाइल, पानात टाकू नये, आल्यागेल्याला पाणी द्यावं. अभ्यास आणि सवयी हे तसे दोन वेगळे विषय. ते एकमेकांत असे गुंतले कसे, हे समजायचं तर घड्याळाकडे पाहावं लागतं. दोन्ही गोष्टींना संध्याकाळचे तेच दीड-दोन तास हवे असतात.

ती वेळ आधी परवच्याची होती. दिवेलागणीला हातपाय धुऊन मुलांनी देवापुढे बसायचं, शुभंकरोती म्हणायची, मग पाढे. बे ते तीस झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. मग वार, तिथी, नक्षत्रं, एखादं स्तोत्र, शेवटी मोठ्यांना नमस्कार. माझी आजी चौथीपर्यंत शिकलेली. ती मेथी निवडत परवचा ऐकायची. ‘सतरा नव्वे’ला कुणी अडखळलं की हात न थांबवता ‘त्रेपन्नासे’ म्हणायची आणि तिची जुडी पुढे चालू. त्या अर्ध्या तासात गणित कुठे संपलं आणि वळण कुठे सुरू झालं, हे कुणाला सांगता आलं नसतं.

हे चित्र सगळ्या घरांचं मात्र नव्हतं, आणि त्याची आठवण काढताना हे विसरलं जातं. ज्या घरात पाटी कधी पोचलीच नव्हती, तिथली मुलं दिवेलागणीला गुरं घेऊन परतायची. अनेक घरांत मुलगे पाढे म्हणायचे आणि मुली त्याच वेळी चुलीपाशी असायच्या. पुढे या घरांतली पहिली पिढी शाळेत गेली, तेव्हा तिचा अभ्यास घ्यायला घरात कुणीच नव्हतं. शिकवणीच्या इतिहासात ही गोष्ट पैशाइतकीच महत्त्वाची आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. पंतोजीची शाळा शिधा आणि सणावारी मिळणाऱ्या दक्षिणेवर चालायची. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ मध्ये मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. इंग्रजी पास झालेल्याला नोकरी मिळते, हे दिसल्यावर सधन घरांतून खासगी मास्तर ठेवले जाऊ लागले. पुण्यामुंबईत वार लावून, म्हणजे आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी जेवणारे गरीब विद्यार्थी ज्या घरी जेवत, तिथल्या धाकट्यांचा अभ्यासही कित्येकदा घेत. शिकवणी हा तेव्हा हुशार पण गरीब मुलाचा स्वतः शिकण्याचा मार्ग होता. शिकवणारा आणि शिकणारा एकाच पंक्तीला बसत.

स्वातंत्र्यानंतरची दोन-तीन दशकं ‘जादा तासां’ची. स्कॉलरशिपला बसणाऱ्या मुलांना गुरुजी शाळा भरण्याआधी बोलवायचे, अकरावी मॅट्रिकच्या वर्गासाठी दिवाळीनंतर संध्याकाळी थांबायचे. त्याचे पैसे कुणी मागत नसे आणि देतही नसे. याउलट ‘त्याला शिकवणी लावलीय’ म्हणजे पोरगं ढ आहे, असा अर्थ निघायचा. गणितात कच्चा म्हणून एखादा मुलगा मास्तरांच्या घरी जायचा तो दप्तर न घेता, वही शर्टाच्या आत सरकवून. शेजाऱ्यांना कळू नये, एवढीच आईची इच्छा.

वळण आलं ते १९७५ला. दहा अधिक दोनच्या नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा त्या वर्षी झाली. आता शेवटची परीक्षा एक राहिली नाही. दहावीच्या गुणांवर शाखा आणि बारावीच्या गुणांवर व्यवसाय ठरू लागला. शाळा आणि कॉलेज यांच्या मधली ती दोन वर्षं कुणाचीच नीट झाली नाहीत, आणि क्लास शिरला तो त्याच फटीतून. १९८३ साली राज्यानं विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या. मध्यमवर्गातल्या ज्या घरांनी आजवर कारकुनीचाच विचार केला होता, त्यांनाही इंजिनिअर हा शब्द आवाक्यातला वाटू लागला. आता प्रश्न पास-नापासाचा राहिला नव्हता. पंच्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी, यावर घरातली झोप उडायची.

मला सर्वांत जवळून माहीत असलेला काळ हाच. दादर, गिरगाव, ठाणे, पुण्यातल्या पेठा, इथल्या जुन्या इमारतींच्या जिन्यांवर चपलांचे ढीग दिसू लागले. एका खोलीत साठ मुलं, लांब बाकडी, भिंतीला टेकवलेला फळा, सायक्लोस्टाइल केलेल्या नोट्स. एप्रिलमध्ये नववीचा निकाल लागायच्या आत दहावीची व्हेकेशन बॅच सुरू व्हायची आणि दिवाळीपर्यंत पोर्शन संपायचा. उरलेले महिने पेपर सोडवायचे. जाहिरातीत मेरिट लिस्टमधल्या मुलांचे फोटो, आणि कधी कधी तोच चेहरा दोन क्लासच्या जाहिरातींत. नव्वदच्या दशकात ‘लातूर पॅटर्न’, म्हणजे लातूरच्या शाळा-कॉलेजांची परीक्षेची तयारी करून घ्यायची पद्धत, हा शब्द राज्यभर झाला. तिथली शिस्त आणि सरावाची शिदोरी नक्कल करायच्या नादात गावोगावी फक्त तासांची संख्या उचलली गेली, हे लातूरकरांचं म्हणणं मला पटतं.

ढ मुलाची शिकवणी आता हुशार मुलाची झाली होती. क्लास न लावणं हीच लपवायची गोष्ट ठरली.

या सगळ्यात संध्याकाळचं काय झालं? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं आणि दहा-पंधरा वर्षांत संध्याकाळ त्याच्या वेळापत्रकावर गेली. परवचा घराघरातून गेला तो क्लासमुळे, असं सरसकट म्हणणं चुकीचं. आजी गावी राहिली, घर दोन खोल्यांचं झालं, आई नोकरीला लागली, टीव्ही आला. क्लासला ती जागा मोकळीच सापडली.

लहान मुलांच्या शिकवणीला मात्र वेगळं कारण आहे. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि त्याच सुमारास इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे ओढा वाढला. ज्या आईनं स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवली होती, तिच्या हातात सिनिअर केजीची डायरी आली. त्यात होमवर्क इंग्रजीत, सूचना इंग्रजीत. चुकीचं शिकवलं तर बाई रागावतील, या धास्तीनं तिनं मुलाला खालच्या मजल्यावरच्या ताईंकडे पाठवलं. पालकांना दिल्या जाणाऱ्या सल्ल्यात ‘स्वतः अभ्यास घ्या’ हे वाक्य सर्रास येतं. ते या आईला लागू पडत नाही, आणि ते तिला ऐकवलं की तिला फक्त कमीपणा वाटतो. तिला एवढंच सांगणं उपयोगाचं ठरलं असतं, की अभ्यास घेता आला नाही तरी शेजारी बसता येतं. मुलानं आज काय झालं ते मराठीत सांगायचं आणि आपण ऐकायचं.

आता शिकवणी या शब्दाकडे येतो, कारण खरा गुंता तिथे आहे. शिकवण आणि शिकवणी यांत एका वेलांटीचं अंतर. शिकवण आजी देते, शिकवणीची फी भरावी लागते. पण फी भरतो ती नेमकी कशाची? चाळीतल्या ताई स्वयंपाकघरात सतरंजी घालून आठ मुलांचा अभ्यास घेतात तीही शिकवणी. शाळेतल्याच सरांनी घरी वीस मुलं घेतली तीही शिकवणी. पाच मजली इमारतीत एसीमध्ये बसून ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची टेस्ट सिरीज सोडवतात, त्यालाही वर्तमानपत्रं ‘खासगी शिकवण्या’च म्हणतात. कायदा करताना प्रत्येक वेळी प्रश्न हाच पडला, की यातली कोणती?

शिक्षण हक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१०पासून लागू. त्याच्या कलम २८ नं शिक्षकाला खासगी शिकवणीची किंवा खासगी अध्यापनाची मनाई केली. कारण उघड होतं. वर्गात अर्धवट शिकवायचं आणि उरलेलं घरी विकायचं, ही तक्रार जुनी आणि खरी होती. मी स्वतः अशा एका वर्गात बसलो आहे. सरांकडे जाणाऱ्या मुलांच्या वहीत उद्याची उदाहरणं आजच असायची आणि आम्ही बाकीचे फळ्याकडे बघत राहायचो. त्यामुळे या कलमाच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण कलमात पैशाचा उल्लेख नाही. शेजारच्या मुलीला फुकट बीजगणित समजावणारे गुरुजी त्यात बसतात का? कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांचा, मग अकरावी-बारावीच्या शिक्षकाला तो बांधतो का? आणि ज्याला शाळेत नोकरीच नाही, अशा पदवीधरानं शंभर मुलांचा क्लास काढला तर त्याला हे कलम शिवतही नाही. झालं असं, की मुलाला वर्षभर ओळखणारा शिक्षक बाजूला झाला आणि ज्याचा शाळेशी संबंध नाही त्याला मैदान मोकळं मिळालं. हा परिणाम कुणाच्या मनात नसेल, पण झाला. जादा तासांची सवय आधीच मोडत आली होती. या कलमानंतर वेळेपलीकडे थांबणाऱ्या गुरुजींकडेही लोक संशयानं पाहू लागले, याचं मला आजही वाईट वाटतं.

कर खात्यानं क्लासला शिक्षण खात्याच्या आधी ओळखलं. १ जुलै २००३पासून व्यावसायिक कोचिंगवर सेवाकर लागला, २०१७ पासून १८ टक्के जीएसटी. शिक्षणाच्या बाजूनं हालचाल उशिरा झाली. वैद्यकीय प्रवेश नीटवर गेल्यावर अकरावी-बारावी नावापुरत्या कॉलेजात आणि प्रत्यक्षात क्लासमध्ये, अशी ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्था फोफावली. तिला आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये राज्यात विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला. क्लासवर नियंत्रणाच्या कायद्याचा मसुदाही त्याच सुमारास चर्चेत आला.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्रानं कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश देऊ नये, किंवा माध्यमिक परीक्षेनंतरच द्यावा. हमखास यशाची जाहिरात नको. दिवसाला पाच तासांहून जास्त नको, फार पहाटे किंवा फार रात्री तर नकोच. मधेच सोडलं तर उरलेल्या दिवसांची फी परत. यातला एकेक मुद्दा पालकांनी वर्षानुवर्षं मागितलेला. पण पहिल्याच वाक्यातला तो ‘किंवा’ वाचा. दहावी झालेली आपली मुलं बहुतेक पंधरा पूर्ण किंवा नुकती सोळाची. मग वय धरायचं की परीक्षा? शिवाय कोचिंग सेंटर म्हणजे काय, याची व्याख्या पन्नासहून जास्त विद्यार्थी अशी. ताई सुटल्या, हे चांगलंच. पण पन्नासच्या आतला सातवीचा फाउंडेशन क्लासही सुटला. शिक्षण समवर्ती सूचीत असल्यानं पुढचं राज्यांवर, आणि सूचना म्हणजे कायदा नव्हे.

२०२५च्या केंद्रीय नमुना पाहणीत देशातले २७ टक्के विद्यार्थी शिकवणीला जाणारे आढळले. शहरांत ३०.७, खेड्यांत २५.५. शहर आणि खेडं यांतली दरी एवढीच उरली आहे. वही शर्टात लपवणाऱ्या मुलाचा काळ किती मागे पडला, ते या दोन आकड्यांत दिसतं.

आता सवयींचं. संध्याकाळ क्लासला दिल्यावर वळण लावायचं कुठे, हा प्रश्न आला आणि त्यालाही क्लासच मिळाला. उन्हाळी संस्कार शिबिर, रविवारचा संस्कार वर्ग, श्लोकपाठांतर, हस्ताक्षर, वैदिक गणित. ‘संस्कार’ हा मुळात सोळा विधींचा शब्द. बोलीत त्याचा अर्थ घरच्या रीतीभाती असा झाला आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत तो फी भरून मिळणारा विषय बनला. या वर्गांत काही अतिशय मनापासून शिकवणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचीच तक्रार असते, की मूल इथे दीड तास चप्पल जागेवर ठेवतं आणि घरी दारातच फेकतं. चप्पल जागेवर ठेवायची सवय घरच्या दारातच लागते, आणि त्यासाठी त्या दारात मूल आणि मोठं माणूस एकाच वेळी असावं लागतं.

ही वेळेची ओढाताण सरकारच्या नजरेतही आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यानं निर्णय काढला, की पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. मुलं रात्री उशिरा झोपतात, झोप पुरी होत नाही, हे कारण निर्णयातच दिलं होतं. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शाळांची पंचाईत झाली, त्यांना अडचण दाखवून सवलत मागायची वाट ठेवली गेली. आमच्या भागातली एक शाळा जूनपासून नऊला भरू लागली आणि सुटायची वेळ दोन तासांनी पुढे गेली. खालच्या मजल्यावरच्या ताईंनी मग दुसरी-तिसरीची पाचची बॅच सातवर नेली. आता ती साडेआठला सुटते. जिन्यावर आया डबा घेऊन उभ्या असतात, काही मुलं तिथेच पायरीवर बसून वरणभात खातात आणि अर्धवट झोपेत घरी जातात.