रोमन दगडी बांधकाम (ओपस क्वाड्राटम)

मोठमोठे चौकोनी घडीव चिरे चुना न घालता कोरडेच एकावर एक रचायचे, या रोमन पद्धतीला ओपस क्वाड्राटम म्हणतात. रोमन म्हटलं की सगळे काँक्रीटचंच कौतुक करतात, पण पाथरवटांचं काम त्याच्याही आधीपासूनचं, इ.स.पू. चौथ्या शतकातला रोमचा तट असाच तुफा नावाच्या मऊ ज्वालामुखी दगडाचा आहे. हा दगड हवेपाण्यात टिकेल का याची खात्री नसायची, म्हणून तो उन्हाळ्यात काढून दोन वर्षं उघड्यावर टाकून ठेवा आणि तग धरेल तोच पायाच्या वरच्या बांधकामात वापरा असं रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने लिहून ठेवलंय.

कोलोसियमची भिंत जवळून बघितली तर अंगभर देवीचे व्रण असल्यासारखी भोकं दिसतात, लोकांना वाटतं दगड झिजला असेल, पण तिथं लोखंड होतं! चिरे सरकू नयेत म्हणून खाचा पाडून त्यात लोखंडी आकडे बसवायचे आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचं, म्हणजे आकडा घट्ट पण बसतो आणि पाणी आत न गेल्यामुळे लवकर गंजत पण नाही. मध्ययुगात धातूसाठी लोकांनी भिंत टोकरून टोकरून हे आकडे काढून नेले, तरी भिंत उभी आहे कारण तिचं खरं काम चिऱ्यांच्या वजनावरच चालतं. इथे सगळीकडे एकच दगड नाही बरं का, जास्त भार येतो तिथे रोमजवळच्या तिवोलीच्या खाणीतला ट्रॅव्हर्टाईन (एक कठीण चुनखडी दगड), मधल्या भिंतींना तुफा, आणि वरच्या कमानदार छतांना काँक्रीट.

दगड उचलायला लाकडी क्रेन असायची, तिच्या मोठ्या चाकात माणसं आत शिरून चालायची आणि दोर गुंडाळला जायचा. कमानीला आधी लाकडी साचा, त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीसारखे दगड, सगळ्यात शेवटी मधला चावीचा दगड, मग साचा काढायचा.

दक्षिण फ्रान्समधला पाँ द्यू गार, म्हणजे नीम शहराला पाणी नेणारा सुमारे 49 मीटर उंच पूल, यात हे सगळं उघड दिसतं. खालच्या दोन मजल्यांना चुना नाही, काही चिरे तर 6 टनांचे. परांची आणि साचा टेकवायला मुद्दाम बाहेर ठेवलेले दगड तसेच राहिलेत, नंतर कोणी छाटलेच नाहीत, आणि काही दगडांवर गवंड्यांसाठी कोरलेली खूण अजून वाचता येते: समोरची बाजू, डावीकडे, नंबर 3.