दहावीचे मोकळे वर्ष: हायस्कूलमधली मंडळे आणि भित्तिपत्रक यांची पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातल्या हायस्कुलात मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर जाळीचे दार असलेला एक लाकडी फलक हमखास असतो. वर तैलरंगात ‘वाङ्मय मंडळ’, दाराला छोटे कुलूप. आत लागलेल्या भित्तिपत्रकाच्या कागदावरून शाळेचे वर्ष कसे चालले आहे ते कळते. जूनमध्ये लावलेले ‘नवागतांचे स्वागत’ दिवाळीच्या सुट्टीनंतरही तिथेच असेल, तर संपादक मंडळ फक्त अहवालात आहे असे समजावे.

फलक असे ओस का पडले, याचे उत्तर हल्ली ‘मोबाइल’ या एका शब्दात दिले जाते. मला ते पटत नाही. घसरण त्याच्या खूप आधी सुरू झाली होती, आणि तिचा धागा मुख्यतः १९७५ च्या एका बदलापर्यंत जातो. तिथे पोचण्याआधी थोडे मागे जाऊ.

विद्यार्थ्यांनी स्वतः सभा चालवायची आणि तिचे नियतकालिक काढायचे, ही कल्पना आपल्याकडे १८४८ पासूनची. त्या वर्षी मुंबईत एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेच्या विद्यार्थ्यांनी एक साहित्यिक व शास्त्रीय सभा काढली. तिच्या मराठी शाखेचे मासिक १८५० मध्ये निघू लागले, आणि सभेच्या तरुणांनी १८४९ पासून मुलींच्या शाळाही चालवल्या. अर्थात ही मोठ्या शहरातली, वरच्या वर्गांतली मंडळी होती. लहान गावांतल्या इंग्रजी शाळांपर्यंत हे लोण पोचेपर्यंत हवा पालटली होती. १९०५ मध्ये बंगालात निघालेल्या परिपत्रकाने विद्यार्थ्यांना राजकारणापासून आवरा, नाहीतर अनुदान थांबेल अशी तंबी शाळांना दिली. १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारने तोच सूर देशभर लावला. शाळेच्या अंकात थोरांची चरित्रे, निसर्गवर्णने आणि सुभाषिते भरपूर, पण गावातली गोष्ट एकही नाही, ही सवय माझ्या मते त्या धाकातून लागली. धाक गेला तरी सवय राहिली.

याला अपवाद होते, आणि त्यातला सर्वांत मोठा अमळनेरचा. तिथल्या हायस्कुलाच्या वसतिगृहाची जबाबदारी साने गुरुजींकडे होती. मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. लहान गावातल्या शाळेत रोजच्या रोज काही वाचायला मिळू शकते, हे त्या दैनिकाने दाखवून दिले. मात्र ते शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले होते. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिण्याची घडी बसली ती पुढे, स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीसएक वर्षांत.

त्या काळात दोन वस्तू शेजारी शेजारी होत्या, आणि आज त्यांची सरमिसळ होते म्हणून त्या वेगळ्या करून सांगतो. भित्तिपत्रक म्हणजे दर पंधरवड्याला किंवा महिन्याला फलकावर लागणारे कागद. हस्तलिखित म्हणजे वर्षातून एकदा बांधला जाणारा, एकाच प्रतीचा अंक. हस्तलिखिताला ड्रॉइंगचा जाड कागद लागे. त्यावर पेन्सिलीने अगदी फिक्या रेघा आखायच्या, सुवाच्य अक्षराच्या दोघातिघांनी कटनिबने मजकूर उतरवायचा, शाई वाळली की रेघा खोडरबराने पुसायच्या. चित्रावर पातळ बटरपेपर चिकटवायचा, म्हणजे रंग समोरच्या पानाला लागत नाही. मग गावातल्या बाइंडरकडून कापडी पाठ. स्नेहसंमेलनाच्या दिवशी हा अंक टेबलावर उघडून ठेवत, आणि दुसऱ्या दिवशी तो ग्रंथालयाच्या कपाटात जाई. भित्तिपत्रकाचे आयुष्य पंधरा दिवसांचे, पण ते रोज शंभर मुले उभ्याउभ्या वाचत. बातमी भित्तिपत्रकात शोभते. हस्तलिखितात येईपर्यंत ती आठवण झालेली असते. शाळेचे वर्तमानपत्र म्हणून ज्याचा विचार करायला हवा ते भित्तिपत्रकच. शाळांनी जपले आणि मिरवले ते मात्र हस्तलिखित.

कायद्याच्या नजरेत दोन्हीही वर्तमानपत्र नव्हती. १८६७ च्या छापखाना कायद्यात वर्तमानपत्र म्हणजे सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचे भाष्य असलेले छापील नियतकालिक, आणि छपाईत सायक्लोस्टाइलही धरलेले. म्हणजे हाताने लिहिलेला कागद कायद्याबाहेर, तर तोच मजकूर स्टेन्सिलवर कोरून रोलर फिरवला की निदान प्रश्न तरी उभा राही. त्यामुळे छापील वार्षिकांकावर ‘खासगी वितरणासाठी’ ही ओळ आली, आणि भिंतीवरचा कागद बिनघोर राहिला.

मंडळांना अधिकृत आधार मिळाला तो १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगामुळे. असे उपक्रम शाळेच्या शिक्षणाचा अविभाज्य भाग असावेत आणि सर्व शिक्षकांनी त्यासाठी ठरावीक वेळ द्यावा, अशी त्याची शिफारस होती. वाङ्मय, विज्ञान, इतिहास, भूगोल अशी विषयवार मंडळे तेव्हापासून वाढली. त्यांना म्हणायचे काय, यावर मात्र आजतागायत एकमत नाही: अभ्यासेतर, अभ्यासपूरक, अभ्यासानुवर्ती, सहशालेय. ज्या शाळेत ‘अभ्यासेतर’ म्हणतात तिथे तास पहिल्यांदा त्यांचाच कापला जातो, हा माझा अनुभव.

आता १९७५. जुन्या पद्धतीत शाळा अकरावीपर्यंत होती आणि एस.एस.सी.ची परीक्षा अकरावीच्या शेवटी होई. नव्या १०+२+३ आकृतिबंधात १९७५ मध्ये दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली. पदवीपर्यंतची वर्षे पंधराच राहिली. एक वर्ष शाळेकडून कनिष्ठ महाविद्यालयाकडे सरकले, इतकेच. कागदावर हा बदल नीटनेटका होता आणि देशभर एकच रचना असावी या मागणीला धरून होता. त्याच्या बाजूचे मुद्दे खोटे नाहीत. गावागावांत बारावीपर्यंतची सोय झाली, त्यामुळे अनेक मुलींचे शिक्षण पुढे चालू राहिले, हे मोठेच काम झाले.

पण मंडळांच्या दृष्टीने काय झाले ते पाहा. एरवी ‘अकरावीची मोठी मुले शाळेतून गेली’ एवढेच सांगितले जाते. माझ्या मते खरा तोटा अकरावी गेल्याचा नव्हता. अकरावीवाले तेव्हाही बोर्डाच्या अभ्यासात असत आणि दसऱ्यानंतर फलकाकडे फिरकत नसत. खरा तोटा झाला दहावीचा. जुन्या शाळेत दहावी हे मोकळे वर्ष होते: मुले पंधरा वर्षांची, हात बऱ्यापैकी लिहिता, शिक्षकांशी बोलायची भीड चेपलेली, आणि डोक्यावर बोर्ड नाही. भित्तिपत्रकाचा संपादक, मंडळाचा चिटणीस, संमेलनाचा सूत्रधार या वर्गातून येत. आठवीतल्याने कागद चिकटवायचे, नववीतल्याने मजकूर उतरवायचा, दहावीतल्याने काय लावायचे ते ठरवायचे, अशी ती शिडी होती. १९७५ नंतर दहावीच बोर्डाचे वर्ष झाली आणि शिडीची वरची पायरी निघून गेली. संपादकपद नववीकडे आले. नववीतला चौदा वर्षांचा मुलगा हुशार असतो, पण ‘सर, हे लावायला काय हरकत आहे?’ असे विचारायला त्याला एक वर्ष कमी पडते.

याला आक्षेप घेणारे भेटतात. अनेक गावांत कनिष्ठ महाविद्यालय त्याच हायस्कुलाला जोडलेले असते, मग अकरावीची मुले गेली कुठे, असे ते विचारतात. मुले त्याच आवारात असतात, हे खरे. पण त्यांचे सत्र वेगळे, शिक्षक वेगळे, गणवेश अनेकदा वेगळा, आणि फलकही वेगळा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जनगणना, निवडणुका आणि माहितीचे तक्ते यांत शिक्षकांचा वेळ गेला, म्हणून मंडळे मेली. तो मी मान्य करतो. तरीही, शिक्षकाला वेळ नाही म्हणून भित्तिपत्रक बंद पडते, यातच ते विद्यार्थ्यांच्या हातात उरले नव्हते हे दिसते.

मी स्वतः नववीत संपादक होतो. पाण्याच्या टाकीच्या चार नळांपैकी तीन बंद होते आणि मधल्या सुट्टीत पाचवीची मुले रांगेतच राहत. आम्ही तेवढेच लिहिले, चार ओळी, खाली टाकीचे रेखाटन. मजकूर आधी दाखवण्याची पद्धत होती. कागदाच्या कोपऱ्यात तांबड्या शाईने ‘पाहिले’ आणि सही लागे. सही मिळाली, कागद लागला, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधी तो काढलेला होता. त्याच टाचण्यांना पावसाळ्यावरची कविता होती. कोणी रागावले नाही, कोणी काही सांगितलेही नाही. पुढच्या अंकासाठी मात्र आम्ही कुणीच बातमी आणली नाही. दहावीतला कुणी आमच्यासोबत असता तर तो विचारायला गेला असता, असे मला अजून वाटते.

पुढच्या काळात मंडळांची संख्या वाढत गेली. २००१-०२ मध्ये केंद्राच्या योजनेतून राष्ट्रीय हरित सेना, म्हणजे शाळांतली पर्यावरण मंडळे, आली. स्काऊट-गाइड आणि रस्ता सुरक्षा दल आधीपासून होतेच. ही सगळी मंडळे वरून आलेली, रजिस्टर घेऊन आलेली. जुलैत उद्घाटन, पाहुणे, नारळ, छायाचित्र आणि वर्षअखेरीस अहवाल. मधले आठ महिने चालवणे ही कुणाची जबाबदारी, ते कुठे लिहिलेले नसते. काही शाळांतल्या हरित सेनेने खरोखर झाडे जगवली आहेत, आणि जिथे ती जगली तिथे पाणी घालण्याची पाळी मुलांनी स्वतः लावलेली होती.

२०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि आठवीपर्यंत ‘उपक्रम’ हा गुणांच्या तक्त्यातला शब्द झाला. मुलांना फलकाकडे वळवण्याचे ते चांगले निमित्त ठरू शकले असते. प्रत्यक्षात प्रत्येक मुलाचा एक उपक्रम दाखवायचा असल्याने भित्तिपत्रकावर सगळ्यांचे एकेक चित्र लागू लागले आणि संपादन ही गोष्टच संपली. निवडायचे नसेल तर संपादकाचे काम काय?

बातम्या तरीही शाळेत रोज असतात. परिपाठात सुविचार, दिनविशेष आणि मग ‘आजच्या ठळक बातम्या’. दिल्लीची बातमी, क्रिकेटची बातमी, हवामान. सकाळच्या वर्तमानपत्रातून उतरवलेल्या या पाच ओळी माइकवर वाचणारी सातवीतली मुलगी अतिशय स्पष्ट उच्चारांत वाचते. त्याच शाळेतल्या प्रयोगशाळेला नवे सूक्ष्मदर्शक आले, ग्रंथालय मंगळवारी बंद राहील, कबड्डीचा संघ हरला, हे त्यात नसते. तीन मिनिटांच्या त्या वेळेत शाळेची एक बातमी घालायला कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही, आणि माझ्या माहितीतल्या दोन शाळांत ती घातली जाते. तिथे बातमी आणायचे काम आठवीकडे आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमीय आणि अभ्यासेतर यांत भिंत नको असे म्हटले, आणि ५+३+३+४ या रचनेत नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला. म्हणजे १९७५ मध्ये बाहेर गेलेली अकरावी कागदोपत्री तरी शाळेच्या टप्प्यात परतली आहे, आणि मोकळे वर्ष आता अकरावीचे असू शकते. पण २०२५-२६ पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्यात लागू झाले. दहावीपर्यंत एका शाळेत वाढलेला मुलगा अकरावीला गुणांच्या यादीप्रमाणे तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो, आणि तिथल्या फलकाची किल्ली कुणाकडे असते हे त्याला ठाऊक नसते.